भरल्या ताटावरून

आयडाहो, १५ एप्रिल १९८४

तीर्थरूप मावशीला दिगंबरचा लांबूनच पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

मी जिवंत आहे. आधी हे लिहितो, कारण तू पोलिसांना फोन करायला निघाली असशील. काकांनी करू दिला नसेल, पण मनात केलाच असशील. न सांगता निघालो हे वाईट केलं. सांगितलं असतं तर काकांनी मला परत त्या नाईट स्कूलच्या बाकावर नेऊन बसवलं असतं. गावी आठवीत दोनदा आपटलेला मी, इंग्रजीत काय दिवे लावणार होतो? काकांच्या आईची सेवा करायला तुम्ही मला अमेरिकेत आणलंत. आजी गेल्या, माझं काम संपलं. मग तुमच्या ईडन प्रेरीच्या घरात कार्पेटवरून चालताना पण वाटायचं, आता कुणीतरी विचारणार, हा अजून इथं का?

बसनं पश्चिमेकडं निघालो, जिथं डोंगर आवडले तिथं उतरलो. रॉय म्हणून एकाचं लॉज आहे, तिथं किचनमध्ये लागलोय. भांडी, लाकडं, चपात्या. चपातीला इथले पॅनकेक म्हणतात आणि वर पाक ओततात. ओतू देत.

पण मावशी, एक काम असं मिळालंय की तू खूश होशील. इथली अस्वलं अख्खी थंडी गुहेत झोपून काढतात. अन्नाचा कण नाही, पाण्याचा थेंब नाही. तुझी एकादशी काय घेऊन बसलीस! बर्फ वितळायला लागलं की आधी नर उठतात. उठल्या उठल्या हादडत नाहीत. आजारातून उठलेल्या माणसासारखे काही दिवस नुसते डुलत हिंडतात. मग उन्हाच्या बाजूचा उतार, जिथं बर्फ आधी जातं, तिथं येऊन कोवळं गवत खातात. हो, गवत! गाईसारखी मान खाली घालून. मी डोळ्यांनी बघितलं. यांना काळी अस्वलं म्हणतात, पण निम्मी तपकिरीच असतात.

तर रॉयनं रानात एक मोठं पिंप बांधून ठेवलंय. किचनमधलं उरलंसुरलं, बेकरीतले शिळे डोनट, तळणीचं तेल, सगळं मी तिथं नेऊन टाकायचं. रॉय म्हणाला, अस्वलांना खायला घालायचं. मला भरूनच आलं. एवढ्या उपासानंतर कुणीतरी त्यांचं पारणं सोडवतंय! आपण यांना उगाच नावं ठेवतो. मी तर पहिली चपाती बाजूला काढतो, गोग्रास काढतात तशी.

पिंपासमोर झाडावर माळा बांधलाय, आपल्या जोंधळ्याच्या रानात असतो तस्साच. पाहुणे तिथं बसून अस्वलं बघतात. पाहुणे अजून यायचेत. लॉजच्या भिंतीवर हरणांची मुंडकी लावलीत, रॉयच्या बापाच्या काळातली असावीत.

काकांना नमस्कार. विनीताला सांग, दादा अस्वलांचा आचारी झाला.

तुझा दिगू

ईडन प्रेरी, २६ एप्रिल १९८४

चि. दिगूस मावशीचे अनेक आशीर्वाद, आणि एक धपाटा.

माझ्या बहिणीला मी काय तोंड दाखवणार होते? पोलिसांना फोन खरंच केला होता. काका म्हणाले, वीस वर्षांचा घोडा आहे, हरवत नसतो. पण तेही रात्री जेवले नाहीत, एवढं सांगते.

तुझं पत्र मात्र गाजलं! शनिवारी सुमेधाकडे मराठी मंडळाचं पॉटलक होतं, ज्यानं त्यानं आपला पदार्थ न्यायचा, तिथे मी सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. पारण्यापाशी आले तेव्हा सुमेधाच्या सासूबाईंनी डोळे पुसले. हसले पण खूप. काकांनी तर डिनरला डॉ. व्हिटकॉम्ब आले होते त्यांनाही ते इंग्रजीत सांगितलं. व्हिटकॉम्ब म्हणजे काकांचे चीफ. ते या वर्षी रिटायर होतायत आणि त्यांची खुर्ची कुणाला द्यायची ते त्यांच्याच हातात आहे. त्यांना तुझी गोष्ट एवढी आवडली की लॉज कुठे, अस्वलं किती मोठी, रोज ठरल्या वेळी येतात का, सगळं विचारून घेतलं. फार प्राणिप्रेमी माणूस. त्यांच्या दिवाणखान्यात सुद्धा हरणाचं डोकं आहे, काय डोळे आहेत त्याचे!

म्हणून सविस्तर लिहीत जा. आणि एक चपाती माझ्या नावानं घाल. माझ्याच्यानं इथे कुणाला घास घालवत नाही, बागेत खारी येतात तर शेजारीण तक्रार करते.

तुझी मावशी

आयडाहो, १२ मे १९८४

ती. मावशी, नमस्कार पोचला समज.

तुझ्या नावाची चपाती रोज घालतो. कोण खातं ते सांगतो. एक आहे पाटील. हे नाव मी ठेवलं. काळा कुळकुळीत, खांदे असे की दारातून आत येणार नाही. तो पिंपाशी आला की बाकीचे सगळे चावडीवरून उठल्यासारखे उठून जातात. सध्या मैलोन्मैल हिंडतो. रॉय म्हणतो, जून जवळ आला की नर माद्यांच्या शोधात असेच भटकतात, पण जेवायला मात्र पाटील संध्याकाळी घरी.

आणि दुसरी बाळंतीण. मावशी, तू हिला बघायला पाहिजे होतीस! रंग गुळाच्या ढेपेसारखा. पोरं तिला थंडीत गुहेतच झाली, म्हणून ती सगळ्यांच्या मागून बाहेर पडली. अंगावर पाजून पार वाळलीये, कातडं नुसतं लोंबतंय. दोन पोरं. पिंपापासून हाकेच्या अंतरावर एक जुनं पाइनचं झाड आहे, खरबरीत सालीचं. तिथं आली की नाकातनं हुफ् करते, की दोन्ही पोरं सरसर शेंड्याला! तिनं परत बोलावल्याशिवाय उतरायची नाहीत. अशी शिस्त आमच्या मास्तरला आयुष्यात लावता आली नाही. मग ही एकटीच पिंपाकडं जाते. नवख्यानं बघितलं तर त्याला वाटेल, ही सडीच आहे, हिला पोरंबाळं नाहीतच.

आणि येते कधी, तर भर दुपारी. पाटील झोपलेला असतो तेव्हा. नर पोरांना मारतात, म्हणून त्याच्या वाऱ्याला उभी राहत नाही. मला मात्र बुजत नाही. माझा वास आला की थांबते, मान वर करून. की आला हा, काहीतरी आणलं असेल. मी पिंपात ओतून मागं सरकतो, ती पुढं येते. आमचं ठरलंय तसं.

पाहुणे येत्या आठवड्यात यायला लागतील. त्यांना बाळंतीण दिसली तर पैसे वसूल.

तुझा दिगू

ईडन प्रेरी, १९ मे १९८४

चि. दिगू, आशीर्वाद.

बाळंतिणीला शिळे डोनट घालतोस? शोभतं का आपल्याला? सोबतच्या डब्यात डिंकाचे लाडू आहेत. डिंक सुचित्रानं पुण्याहून आणलेला होता, विनीताच्या वेळचे आठवून केले. दोन तू खा, बाकी तिचे. हसू नकोस. ओली बाळंतीण ती बाळंतीण, दोन पायांची काय आणि चार पायांची काय.

हे पत्रही वाचून झालं, सगळ्यांनी पाटलाची चौकशी केली आहे. काका हल्ली फार खुशीत आहेत. जूनच्या पहिल्या आठवड्यात ते आणि व्हिटकॉम्ब चार दिवस बाहेर जाणार आहेत. कुठे ते विचारलं तर म्हणतात सरप्राइज. नवे बूट घेतलेत, त्यात घरभर चालून बघतात. मला वाटतं तुला एक गंमत कळणार आहे. जास्त बोलत नाही.

मावशी

आयडाहो, २७ मे १९८४

मावशी,

नमस्कार राहू दे आज. डोकं फिरलंय माझं.

पाटील गेला. गेला कसला, मारला. टेक्सासचे दोन पाहुणे आले. बंदुका बघून मी रॉयला म्हणलं, बरोबर आहे, अस्वल अंगावर आलं तर जवळ असलेली बरी. रॉय हसला. मला वाटलं माझ्या इंग्रजीला हसला. संध्याकाळी ते माळ्यावर चढले. मी पिंप भरून माघारी निघालो, तेवढ्यात पाटील आला, रोजच्यासारखा. पिंपात मान घातली आणि आवाज झाला. पळत गेलो तर पिंपाला टेकून पडलेला. तोंडात चपाती, माझी, निम्मी आत आणि निम्मी बाहेर. आणि तो बाबा त्याच्या पाठीवर पाय ठेवून फोटो काढून घेतोय आणि मला काय म्हणतो (आचाऱ्याला इथं कुकी म्हणतात), 'गुड जॉब, कुकी!' मला! गुड जॉब!

अगं, आपल्याकडं वैऱ्याला पण भरल्या ताटावरून उठवत नाहीत. यांनी ताट वाढलं, रोज बोलावून सवय लावली, आणि घास तोंडात असताना मारला. आणि वाढपी कोण? मी! गोग्रास काढत होतो ना मी? कसाई पण गाईला आधी महिनाभर गोग्रास घालत नाही.

शिकारी मी गावी बघितलेत. रानडुकरामागं दिवसभर बाभळीतनं पळतात, कपडे फाटतात, रक्त निघतं, आणि मिळालं तर मिळालं. हे काय? आपण माळ्यावर चढतो ते पाखरं हाकायला. हे चढतात बोलावून मारायला, ते पण बिअर पीत.

मी रॉयला म्हणलं, बाळंतीण येते तिचं काय? म्हणाला, कायदा आहे, पोरं बरोबर असलेली मादी मारता येत नाही. म्हणलं, ती पोरं झाडावर ठेवून येते. तर डोळा मारून म्हणतो, 'मग पाहुण्याला ती कुठं दिसतात?' त्याला सगळं माहीत आहे मावशी! असल्या कायद्याचं काय लोणचं घालायचंय? कायदा समोर बघतो आणि पोरं वर असतात.

अजून ऐक. पाटील मेल्यापासून ती दुपारची यायची थांबली, आता संध्याकाळी येते. भीती कुणाची राहिली नाही ना तिला. म्हणजे नेमकी यांच्या बंदुकीच्या वेळेला. तुझे लाडू मी घातले होते. पोटावर पसरून, पुढच्या दोन पंजांत धरून एकेक खाल्ला तिनं. डिंक दाताला चिकटला तर किती वेळ जीभ फिरवत होती. ते मी तुला लिहिणार होतो, हसवायला.

आता तुझी गंमत. रॉय म्हणाला, तुमच्या मिनेसोटाहून दोन डॉक्टर येतायत, एक इंडियन आहे, त्याचं नाव काही म्हणता येत नाही. मी म्हणून दाखवलं. चंद्रशेखर. रॉय खूश झाला, म्हणाला, तू ओळखतोस?

ओळखतो का, मावशी? माझं पत्र वाचून त्यांनी पत्ता काढला. मी लिहायचो तू हसशील म्हणून, आणि तू वाचायचीस ते कुणाला! काकांना सांग, येऊ नका. यायचंच तर रिकाम्या हातानं या, मी जेवायला घालतो.

दिगंबर

ईडन प्रेरी, २ जून १९८४

चि. दिगू,

तुझं पत्र कुणालाच दाखवलं नाही. काकांना मात्र वाचून दाखवलं. ते म्हणाले, सगळं कायदेशीर आहे, लायसन काढलंय, आणि ज्या मादीबरोबर पिल्लं आहेत ती मारायचा प्रश्नच नाही. म्हटलं, अहो, आयुष्यात अंडं फोडलं नाहीत तुम्ही. तर म्हणाले, ऑपरेशन टेबलावर रोज काय फोडतो? आणि म्हणाले, मालिनी, सतरा वर्षं झाली या देशात. व्हिटकॉम्बनी आजवर कुठल्या इंडियन डॉक्टरला आपल्याबरोबर नेलंय? बोलावलंय तर मी एकादशी आहे सांगू?

मी भांडले. जिंकले नाही.

अजून एक निरोप आहे. तो लिहिताना हात जड होतोय, पण काकांना शब्द दिला म्हणून लिहिते. व्हिटकॉम्बना त्यांनी, ही गोष्ट वेस्टला फिरून आलेल्या एका ओळखीच्याकडून ऐकली, एवढंच सांगितलंय. घरातला मुलगा तिथे भांडी घासतो हे त्यांना कळायला नको. तर तू त्यांच्यासमोर 'काका' म्हणू नकोस. चार दिवसांचा प्रश्न आहे.

मी विनवते, तमाशा करू नकोस. तुला नाही बघवलं तर त्या वेळी किचनमध्ये बैस.

मावशी

वॉशिंग्टन स्टेट, ११ जून १९८४

मावशी,

पत्ता बदललाय, पाकिटामागं आहे. का बदलला ते काकांनी सांगितलं नसणार, म्हणून मी सांगतो.

तुझं पत्र वाचून त्याच दिवशी काम सोडणार होतो. मग विचार केला, मी गेलो तर दुसरा कुणी पिंप भरेल आणि ती येत राहील. म्हणून राहिलो. किचनमागं एक फाटका बूट पडला होता, त्याची जीभ कापली, कपडे वाळवायची दोरी घेतली आणि गोफण केली. रोज पिंप भरायचं आणि ती आली की दगड. पहिला दगड जमिनीवर मारला, ती वास घेत उभीच. दगड मारतोय तरी हा आपलाच! दुसरा बरगडीत बसला तेव्हा पळाली. दुसऱ्या दिवशी परत आली. तुझ्या लाडवाची चव तिला माझ्या दगडापेक्षा जास्त लक्षात राहिली. तिला शिकवता शिकवता मला रडू आलं, एवढंच सांगतो.

मग काका आले. नव्या बुटाला किमतीची चिठ्ठी तशीच लोंबत होती. मी नाष्टा वाढला. माझ्याकडं न बघता 'थँक यू' म्हणाले. ज्यांच्या आईला मी आंघोळ घातली, त्यांनी! मी 'सर' म्हणलं. तुझा शब्द पाळला, बघ.

संध्याकाळी दोघं माळ्यावर. पहिला मान काकांचा, बंदूक त्यांच्या हातात. व्हिटकॉम्बनं मोठ्या मनानं दिला. रॉयनं मला हाकललं, पण मी गेलो पाइनच्या झाडामागं. ती आली. हुफ् केलं. पोरं वर. आणि ती एकटी खाली निघाली, मुंज्यासारखी सडी. अगदी जशी मी पत्रात लिहिली होती, तशी.

काकांना ते पत्र माहीत होतं, मावशी. तूच वाचून दाखवलं होतंस. सडी दिसते, ती सडी नसते, हे त्यांनी माझ्याच शब्दांत ऐकलं होतं. तरी बंदूक खांद्याला लागली. आणि हात हलत नव्हता, ऑपरेशनचा हात.

तिनं पिंपात मान घातली. मी उघड्यावर आलो आणि गोफण सोडली. बसला दगड मागच्या मांडीवर. ती ओरडून वळली, माझ्याकडं बघितलं. ते बघणं मी कुणाला सांगणार नाही. भरल्या ताटावरून उठवलं मी तिला. आणि ओरडलो, 'काका, वर बघा! काका, वर बघा!'

मोडला तुझा शब्द. ओरडताना दुसरं काही तोंडात आलंच नाही.

वर पोरं रडायला लागली होती. अस्वलाचं पोर रडतं ते माणसाचं वाटतं. काकांनी मान वर केली. बघितलं. बंदूक खाली घेतली, म्हणून ती सुटली. हे त्यांच्या बाजूनं आहे, ते मी खोडणार नाही. व्हिटकॉम्ब मात्र लाल झाला होता. म्हणाला, आपल्याला तर एकटंच दिसलं होतं, पोरं बघायची काय गरज होती? मग काकांना विचारलं, 'हा पोरगा तुमच्या भाषेत काय ओरडतोय? ओळखता याला?'

काका म्हणाले, 'नो.'

एवढं इंग्रजी मला येतं. त्याला नाईट स्कूल लागत नाही.

रॉयनं मला त्याच संध्याकाळी हायवेवर आणून सोडलं. ट्रकमध्ये माझ्या शेजारी पाटलाचं कातडं गुंडाळलेलं होतं, कुणाकडं तरी पेंढा भरायला चाललं होतं. काका खिडकीत उभे होते. हात पण वर केला नाही.

त्यांनी अस्वल मारलं नाही, मावशी. मला मारलं. आणि ते पण मी बोलावलेल्या ठिकाणी, मी वाढलेलं खाऊन.

माझी पहिली दोन पत्रं तू मंडळात वाचलीस, सगळे हसले. हे काही तू वाचणार नाहीस. पॉटलकला असलं चालत नाही.

दिगंबर

ईडन प्रेरी, ६ जुलै १९८४

चि. दिगू,

वाचलं.

काका आले ते सांगत की अस्वल आलंच नाही, हवा खराब होती. मीही मानलं. मग तुझं पत्र आलं. बरेच दिवस ते देवघरात ठेवलं होतं. त्यांना विचारलं नाही, मला त्यांच्या तोंडून दुसऱ्यांदा 'नो' ऐकायचं नव्हतं.

चार जुलैला आपल्याकडे कुकआउट होता. मंडळातली सगळी होती, व्हिटकॉम्बही सपत्नीक आले होते. खाता खाता सुमेधा म्हणाली, 'मालिनी, भाच्याचं पत्र नाही आलं का? तो पाटील कसा आहे?' काका ग्रिलपाशी होते. झटकन म्हणाले, 'त्यानं ती नोकरी सोडली.' कसं बोलले बघ, जसं काही हवामान सांगतायत. माझ्या अंगाची लाही झाली. आत गेले आणि पत्र घेऊन आले. म्हटलं, आलंय, वाचते. आणि विनीताला बोलावलं, म्हटलं, डॉ. व्हिटकॉम्बना कळायला पाहिजे, तू इंग्रजीत सांगत जा, एक शब्द गाळायचा नाही.

काका म्हणाले, 'मालिनी, नॉट नाऊ.' मी म्हटलं, 'दोन पत्रं वाचली तेव्हा तुम्ही खुर्ची ओढून बसला होतात. तिसऱ्यालाही बसा.'

लाडवापर्यंत सगळे हसत होते. मग हळूहळू कुणी खाईना. विनीताचं मराठी तुला माहीत आहे, अडखळत सांगत होती. 'काका, वर बघा' पाशी आली आणि 'काका' तसंच ठेवलं तिनं. व्हिटकॉम्बनी विचारलं, 'हूज काका?'

सुमेधा ताटात बघत राहिली. विनीतानं बापाकडे बघितलं. ग्रिलवर काहीतरी जळायला लागलं होतं, त्याचा धूर सगळ्यांच्या डोळ्यात जात होता. आणि चिमटा हातात तसाच धरून ते म्हणाले,

'दॅट्स मी.'

एवढंच. पाहुणे लवकर गेले. व्हिटकॉम्ब जाताना माझ्याशी हात मिळवून गेले, त्यांच्याशी नाही. खुर्ची जाईल बहुतेक. जाऊ दे, आपल्याकडे बसायला खुर्च्या चिक्कार आहेत. दोन दिवस ते माझ्याशी बोललेले नाहीत. आज सकाळी चहा पिताना फक्त एवढंच म्हणाले, त्याचा पत्ता कुठे ठेवलायस?

मीही अपराधी आहे रे. तुझा जीव टांगणीला लागलेला असताना मी त्यांचा निरोप तुला पोचवला. लाडू घालणारे हात माझेच आणि तो निरोप लिहिणारेही.

तुझी मावशी

वॉशिंग्टन स्टेट, २१ एप्रिल १९८५

तीर्थरूप मावशीला दिगंबरचा नमस्कार, या वेळी जरा जवळून.

आता मी झाडं लावतो. पाठीला पिशवी, हातात कुदळ, दिवसभर उतारावर. एका जागी टिकलो म्हणून खूश होऊ नकोस, उतार रोज बदलतो.

काकांचं पत्र आलं. मराठीत आहे, शुद्धलेखन माझ्यापेक्षा वाईट. वर माफी-बिफी काही नाही, आजींच्या श्राद्धाला ये म्हणून लिहिलंय. पण खाली सही आहे ती नुसती 'काका' अशी. डॉक्टर लावलेलं नाही. येईन. अजून राग गेलेला नाही, तो घेऊनच येईन, बसायला जागा कर.

इथं पण अस्वलं उठलीत. कोवळ्या झाडांची साल सोलून आतला गोड रस चाटतात, म्हणून इथं पण वसंतात त्यांच्यावर बंदुका निघतात. काल एक आली, मागं दोन पोरं. माझ्या डब्याचा वास घेत उभी राहिली. माझ्याबरोबरचा माणूस म्हणाला, बिचारी उपाशी आहे, टाक की एखादा तुकडा.

मी खिशातनं गोफण काढली. चांगला बसला दगड, पोरांसकट डोंगराच्या पलीकडं गेली ती.

पारणं त्यांचं त्यांनी गवतावर सोडावं. माणसाच्या हातचं नको.

तुझा दिगू